मदत हवी आहे: डीजेच्या चार डेकला (डेक म्हणजे एकेक गाणं वाजवायची जागा) मिक्सर अन प्लेअर कोणते घ्यावेत?
राम राम मंडळी, मी परभणीचा, हळदी-वरातीत चार वर्षं दोन डेकच्या कंट्रोलरवरच (प्लेअर अन मिक्सर एकाच यंत्रात) डीजे वाजवायलोय, आता चार डेक लावायचेत. पायोनियरचे एक्सडीजे-१००० एमके२ प्लेअर चार सेकंडहॅन्ड घ्यावेत (सीडी चालत नाही त्यात, पण आता सीडी आणतंय कोण) का सीडीजे-२००० नेक्सस२ सध्या दोनच घेऊन बाकीचे दिवाळीनंतर बघावेत? मिक्सर डीजेएम-९०० नेक्सस२ मनात हाय, चार चॅनल हायेत (एकेका प्लेअरला एक) अन लॅनच्या (नेटवर्क केबलच्या) हबवरून प्लेअर जोडले की एकच पेनड्राइव्ह चौघांना पुरतो. सहा चॅनलचा डीजेएम-व्ही१० मिक्सर लई भारी, पण बजेट नाही राव. जुन्या मिक्सरचे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) अन प्लेअरचे जॉगव्हील (हातानं फिरवायची चकती) कसे तपासायचे? अन जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होतंय, यूपीएस लावता का कुणी?