पेडणे: घोडीच्या रक्तात जेई आणि वेस्ट नाईल दोन्ही पॉझिटिव्ह, आता पुढे काय? (मदत हवी आहे)

पेडणे_पागावाले
नमस्कार मंडळी. पेडण्याच्या किनारी भागात आमची लहानशी पागा आहे. तीन घोड्या आणि एक शिंगरू. मुलांना घोडेस्वारी शिकवतो, लग्नसराईत वरातीला जातो. चवथीनंतर थोरली मारवाडी घोडी आजारी पडली. आधी ताप, दाणा सोडला, मग मागचे पाय लटपटायला लागले. खालचा ओठ सारखा थरथरायचा, वळवायला गेलं की भिंतीला टेकायची. डॉक्टरांनी उपचार केले, पडून मार लागू नये म्हणून जाड गवत अंथरायला लावलं. दसऱ्यापर्यंत सावरली. आता खरारा करताना पूर्वीसारखीच कान मागे टाकून दात दाखवते, म्हणजे ठीकच आहे.

ताप असतानाच डॉक्टरांनी रक्त घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आलाय. जपानी मेंदूज्वर म्हणजे जेई, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. वेस्ट नाईल, तोही डासांमुळे होणारा ताप म्हणे, तेही पॉझिटिव्ह. सर्रा (चावणाऱ्या माश्यांमुळे होणारा रक्तातल्या परजीवीचा रोग) निगेटिव्ह. डॉक्टर रजेवर आहेत, म्हणून इथे विचारतोय.

दोन्ही रोग एकदम कसे झाले? शिकायला येणाऱ्या मुलांना घोडीपासून काही होईल का? दोघा पालकांनी मुलं पाठवायची थांबवली आहेत आणि वाड्यावर ‘घोडे हलवा’ अशी कुजबुज सुरू आहे. पागेच्या मागे वायंगणाची भातशेतं, मध्ये व्हाळ, पलीकडे शेजाऱ्यांची गावठी डुकरं. तिन्हीसांजेला डास इतके की दिवा लावायची सोय नाही. पुढच्या पावसाळ्यात जनावर लटपटायच्या आधी कळावं, यासाठी नजर कशी ठेवतात?

व्हाळाकाठचो
सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडं मरायला लागली तेव्हा माकडताप निघाला होता. तसलंच काही नाही ना? तुमच्याकडे माकडं मेलेली दिसली का?

निवृत्त_पशुवैद्य
वरच्या प्रतिसादाबद्दल आधी. माकडताप गोचिडीमुळे पसरतो, डासांमुळे नाही. त्याचा इथे संबंध नाही. मेलेलं माकड दिसलं तर कळवायचंच, पण तो वेगळा विषय.

पागावाले, आता तुमचं. जेई आणि वेस्ट नाईल हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले. घोड्याच्या शरीराने एकाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) साध्या एलायझा चाचणीत दुसऱ्यालाही चिकटतात. त्यामुळे दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे दोन्ही रोग झाले असं नव्हे, बहुधा दोन्हीपैकी एक. कुठला, ते न्यूट्रलायझेशन चाचणीत कळतं. त्यात रक्तद्रव (सीरम) किती पातळ केलं तरी त्या-त्या विषाणूला रोखतं ते पाहतात, आणि ज्याच्याविरुद्ध आकडा बराच वर जातो तो खरा आरोपी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर सरळ आहे: घोडीपासून मुलांना धोका नाही. या दोन्ही रोगांत घोडा आणि माणूस साखळीचं शेवटचं टोक असतात. त्यांच्या रक्तात विषाणू इतका वाढतच नाही की चावणाऱ्या डासाला तो मिळावा. जेईत विषाणू वाढतो डुकरांत आणि बगळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांत, वेस्ट नाईलमध्ये पक्ष्यांत. तिथून क्युलेक्स डास तो घोड्यालाही आणतात, माणसालाही. घोडे हलवले तरी डास तिथेच राहणार. पालकांना हे सांगा, आणि मुलांच्या जेई लसीचं आरोग्य केंद्रात विचारायलाही सांगा. एक विचारायचं राहिलं. घोडी कुठून घेतली, केव्हा?

पेडणे_पागावाले
डॉक्टर, खूप आभार, रात्री झोप लागेल. घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, दत्तजयंतीच्या बाजारात. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. शिंगरू तिचंच, इथेच जन्मलेलं, आता दोन वर्षांचं होईल. ते एकदाही आजारी पडलेलं नाही.

निवृत्त_पशुवैद्य
मग तुमचा मुख्य साक्षीदार घोडी नाही, शिंगरू आहे.

घोडीच्या रक्तातली प्रतिपिंडं गोव्यातली आहेत की जुनी, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. अशी प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात, आणि बहुतेक घोड्यांना संसर्ग होऊन जातो तो कुणाच्या लक्षातही येत नाही. शिंगरू मात्र गोव्याबाहेर गेलेलं नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं साधारण सहा महिन्यांत संपतात. दोन वर्षांच्या शिंगराच्या रक्तात ती सापडली तर विषाणू तुमच्याच शेतांवर फिरतो आहे असं धरायचं. नाही सापडली तर ते शिंगरू पुढच्या पावसाळ्यासाठी पहारेकरी म्हणून उत्तम. पावसाआधी एकदा, पाऊस सरल्यावर एकदा रक्त घ्यायचं. निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं की संसर्ग मधल्या काळातला. देशोदेशी घोड्यांवर नजर ठेवतात ती याच तत्त्वावर.

घोडीचंही दुसरं रक्त आत्ता घ्या. प्रयोगशाळेत पहिला नमुना शिल्लक असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी तपासायला सांगा. प्रतिपिंडांत चौपट वाढ दिसली तर आजार ताजा होता. पहिल्या नमुन्यात आयजीएम (संसर्गानंतर सुरुवातीला येणारं प्रतिपिंड) होतं का तेही विचारा, कारण ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं.

आणखी एक गोष्ट लिहितो. मज्जासंस्थेची लक्षणं असलेल्या कुठल्याही घोड्याच्या तोंडात हात घालताना आधी रेबीजचा विचार करायचा. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरीही. तुमची घोडी वाचली म्हणजे ते नव्हतं, पण पुढच्या वेळी हातमोजे विसरू नका.

कुडतरीची_माई
आमच्याकडे डुकरं आहेत म्हणून बोलते. घोडेवाल्यांनी डुकरांकडे बोट दाखवायचं आणि डुकरंवाल्यांनी बगळ्यांकडे, असं होऊ नये ही विनंती. डुकराला ताप येत नाही, काही नाही, आम्हाला कळणार कसं?

निवृत्त_पशुवैद्य
माई, बोट कुणाकडेच नाही, आणि कळण्यासारखं एक लक्षण आहे. मोठी डुकरं आजारी दिसत नाहीत, पण गाभण डुकरीण मेलेली किंवा वाळून काळी पडलेली पिल्लं टाकते. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये जेई दक्षिणेकडच्या राज्यांत पोचल्याचं असंच कळलं, डुकरांच्या फार्मांवर मेलेली पिल्लं जन्मायला लागली तेव्हा. तुमच्याकडे एकीने अशी पिल्लं टाकली तर दवाखान्यात कळवा, पिल्लू पुरून टाकू नका. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने डुकरांसाठी जेईचा आयजीएम एलायझा संच काढलेला आहे, म्हणजे तपासणीची सोय आहे.

शिवाय डुकरं वर्षा-दोन वर्षांत विकली जातात, नवी पिल्लं येतात. दर पावसाळ्यात कळपात कोरं रक्त असतं, म्हणजे आधी संसर्ग न झालेली जनावरं. म्हणून विषाणूला ती आवडतात आणि नजर ठेवणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

कावळेमोजणी
पक्षी बघणाऱ्यांच्या बाजूने. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाईल आला तेव्हा आधी कावळे पटापट मरत होते, माणसांचा आजार दुसराच आहे असं समजलं जात होतं. आपल्याकडे कावळे तसे मरतीलच असं नाही, पण मेलेले पक्षी एका जागी बरेच दिसले तर जागा आणि दिवस लिहून ठेवावा. करमळीच्या तळ्यावर जाणारे आम्ही लोक एरवीही वही बाळगतोच. वेस्ट नाईल दूरचाही नाही, २०११ मध्ये तो केरळात आलप्पुळ्याला माणसांत सापडला होता.

वर बगळ्यांचा विषय निघाला, त्यांची बसायची झाडं तोडायचा विचार कुणाच्या डोक्यात येऊ देऊ नका. पक्षी दुसरीकडे बसतील, रोग तिथे जाईल.

पेडणे_पागावाले
झाडांना हात लागणार नाही, काळजी नसावी. डासांचं काय करू? धूर करतो, पण धुराने घोडी खोकते.

भातशेती_आणि_भानगडी
धूर बंद करा. हा डास भाताच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याला माणसापेक्षा जनावर जास्त आवडतं, चावतो अंधार पडल्यापासून. उडायला कच्चा असतो, म्हणून पागेत मोठा पंखा लावला तरी बराच फरक पडतो. तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत घोडे आत, खिडक्यांना जाळी. परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी घोड्यावर चालते, डॉक्टरांना विचारून, पण ते मांजराला विष आहे आणि पागेत मांजर असतंच. पाणी म्हणाल तर शेतवाल्यांना विनवून बघा. मध्ये तीन-चार दिवस शेत सुकू दिलं की अळ्या मरतात, भाताचं फारसं बिघडत नाही. आमच्या बांधावर काहीजण करतात. काहीजण हसतात.

पेडणे_पागावाले
ठरलं. शिंगराचं आणि तिन्ही घोड्यांचं रक्त घ्यायचं. पाठवायचं कुठे, कुरिअरने?

लॅबमधला_एक
कुरिअरने परस्पर नको. पेडण्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून पशुसंवर्धन खात्यामार्फत पाठवा. पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे, आणि घोड्यांच्या रोगांसाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. खात्याच्या पत्राने गेलं की निकाल खात्याच्या नोंदीतही राहतो. तुमच्या एकट्याच्या कपाटात पडलेल्या कागदाने नजर ठेवली जात नाही.

रक्त साध्या लाल टोपीच्या नळीत, जांभळ्या नळीत नको, कारण हवंय ते रक्तद्रव. गोठेपर्यंत सावलीत उभं ठेवा, मग रक्तद्रव वेगळं काढून बर्फाच्या पेटीत. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये घालू नका, पेशी फुटून नमुना लाल होतो आणि आमच्याकडे टेबलावर आल्यावर आम्ही तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देतो.

प्रत्येक नळीवर जनावराचं नाव, वय आणि दिवस. शिंगराच्या कागदावर ‘जन्म गोव्यात, बाहेर नेलेले नाही’ हे ठळक लिहा. घोडीच्या कागदावर तापाची तारीख आणि पहिल्या नमुन्याचा क्रमांक.

पेडणे_पागावाले
क्रमांक रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात आहे तो ना? सोमवारी दवाखान्यात जातो. निकाल आला की याच धाग्यावर टाकतो. माई, तुमच्या डुकरांचंही विचारू का तिथे?

कुडतरीची_माई
विचारा बाबा. पण पेडण्याला नव्हे, आमच्या मडगावच्या दवाखान्यातून होईल का ते विचारा.