मदत हवी: आरसी (रिमोटवर चालणारी) रेसिंग कार तयार घ्यावी की किट जोडावं? रविवारच्या आत ठरवायचंय

गंगापूर_रोड (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार. आरसी रेसिंग कार घ्यायची आहे, बजेट ३५ हजार. दोन पर्याय पक्के केलेत. एक आरटीआर, म्हणजे डब्यातून काढली की पळणारी. दुसरं किट, सगळं आपण जोडायचं. दुकानदार रविवारपर्यंतच भाव धरून ठेवणार आहे. कुणी म्हणतं किट स्वस्त पडतं, कुणी म्हणतं दुप्पट जातात. तीन रात्री व्हिडिओ बघून डोकं उठलंय. कृपया सरळ सांगा, कुठलं घेऊ? बॅटरी माझ्याकडे आहे.

सातपूर_लेथ (९.२५)
गाडी कुठली? डांबरावर पळवणार की मातीत? आणि "बॅटरी आहे" म्हणजे नक्की काय आहे? निकेल की लायपो (लिथियम पॉलिमर), किती सेल, प्लग कोणता, चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा, आहे का? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

खटपट्या (९.३१)
किटच घ्या, डोळे मिटून. स्वतः जोडलेल्या गाडीचा प्रत्येक स्क्रू कुठे आहे ते ठाऊक असतं. मोडली की अर्ध्या तासात उघडून परत मैदानात.

फक्त डब्यात काय नसतं ते आधी नीट बघा. तामियाच्या साध्या किटमध्ये रिमोट, रिसीव्हर, स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि रंग नसतात. स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) काही डब्यांत असतो, काहींत नाही. बेअरिंगच्या जागी बुश, म्हणजे साध्या कड्या, येतात आणि मातीत ते लवकर झिजतात. म्हणून जोडतानाच ५×११×४ मिमीची बॉल बेअरिंगं घाला, मॅन्युअलमधली संख्या मोजून मागवा. नंतर घालायची म्हटलं तर अख्खी गाडी पुन्हा उघडावी लागते. स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. जेआयएस २ नंबरचा स्क्रूड्रायव्हर घ्याच.

गंगापूर_रोड (९.५०)
१:१० मापाची आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची. किट म्हणजे तामिया टीटी-०२, आरटीआर म्हणजे ट्रॅक्सस स्लॅश टू व्हील ड्राइव्ह. दोन्ही १:१० च, मग मातीने काय फरक पडतो?

चिखलगाडी (९.५८)
सगळा फरक मातीनेच पडतो, भाऊ. टीटी-०२ ही डांबरावरची टूरिंग कार आहे. शाफ्टवर चालते, चारही चाकांना जोर, पण पोट जमिनीपासून काही मिलिमीटर वर. आगपेटीएवढा खडा आला तरी अडकते. स्लॅश शॉर्ट कोर्स ट्रक आहे, लांब शॉक (धक्के झेलणारे), उंच चाकं, मातीसाठीच बनलेली. तुमचा प्रश्न आरटीआर की किट हा नाहीच, रस्ता की शेत हा आहे. कुठे पळवणार ते लिहा.

नायट्रोवाले (१०.१५)
इलेक्ट्रिकच्या नादी लागूच नका. नायट्रो इंजिन, म्हणजे नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारं, घ्या. टाकी रिकामी झाली की अर्ध्या मिनिटात भरून पुन्हा सुरू, चार्जिंगची वाट बघणं नाही. पहिल्या चार-पाच टाक्या इंजिन भिजरं (इंधन जास्त) ठेवून हळू चालवायची, मग मुख्य सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) आठव्या हिश्शाच्या फेऱ्याने आत घेत जायची. इंजिनच्या डोक्याचं तापमान १०५ ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं की इंजिन वर्षानुवर्षं टिकतं. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मुंबईत लावलेली सुई इथे थोडी आत घ्यावी लागते.

सातपूर_लेथ (१०.२२)
सुईचं बरोबर आहे. पण नायट्रोमिथेनचं इंधन कुरिअरवाले घेत नाहीत, आणि नवशिक्याचं इंजिन सुई जास्त आवळल्यानेच जळतं. ३५ हजारांत गाडी, स्टार्टर, ग्लो इग्नायटर (इंजिनचा प्लग तापवणारा) आणि इंधन धरलं तर सुट्या भागांना काही उरत नाही. शिवाय वस्तीजवळ आवाजाची तक्रार येणारच.

नायट्रोवाले (१०.२८)
आवाज हीच तर मजा आहे. असो, ज्याची त्याची आवड.

गंगापूर_रोड (१०.४०)
मखमलाबादच्या पुढे मित्राचा मोकळा प्लॉट आहे, तिथे. आम्ही चौघं, बाकी तिघांकडे शॉर्ट कोर्सच आहेत. जास्त वेळ माझा पुतण्या चालवेल, १२ वर्षांचा आहे. हे आधी लिहायला हवं होतं का?

चिखलगाडी (१०.५५)
हो, पहिल्याच ओळीत. म्हणजे टीटी-०२ बाद. तिघांकडे शॉर्ट कोर्स असतील तर तुमचीही तीच हवी, नाहीतर शर्यत होणार नाही, नुसती धडकाधडकी होईल. मुलाच्या हातात द्यायची असेल तर आरटीआर. स्लॅशच्या एक्सएल-५ कंट्रोलरमध्ये ट्रेनिंग मोड आहे, वेग निम्म्यावर येतो. पहिला महिना त्यातच राहू द्या.

पण डब्यातून काढून थेट मातीत सोडू नका. पहिल्या बॅटरीआधी दोन तास द्या. कारखान्यात स्क्रू मशीनच्या वेगाने आवळलेले असतात, काही कमी, काही जास्त. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू काढा, थिनरने पुसा, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टोकाला थेंबभर लावून परत बसवा. मोटरचे दोन स्क्रू आणि पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) बिनडोक्याचा ग्रब स्क्रू तर नक्कीच. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावायचं नाही, काही प्लास्टिक त्याने तडकतं. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच यायला हवा. तो गोल बाजूवर बसला की पिनियन फिरत राहतो आणि दांडा खरवडतो.

मग गिअरची जाळी, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत किती बसतात ते. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या (त्याला लागणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, पट्टी ओढून काढा. आता स्पर हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी बोटाने हलवून बघा, कारण स्पर पूर्ण गोल नसतो. सगळीकडे किंचित टिकटिक हवी. कुठे अडकलं तर तिथे घट्ट आहे: मोटर तापेल, बेअरिंग जाईल. फार ढिलं असलं तर पहिल्याच उडीत स्परचे दाते सपाट.

स्लिपर क्लचचा नट पूर्ण आवळा, मग अर्धा ते पाऊण फेरा सैल करा. उडीनंतर चाक जमिनीला लागतं तेव्हा तो थोडा घसरला पाहिजे. पूर्ण आवळून ठेवला तर तो धक्का स्पर आणि ड्राइव्हशाफ्टवर जातो.

शेवटी शॉक. कॅप उघडा, तेल काठोकाठ आहे का बघा. कमी असेल तर भरा, पिस्टन हळू आठ-दहा वेळा वर-खाली करा, पाच मिनिटं उभं ठेवा, बुडबुडे वर आले की मगच बंद करा. एप्रिल-मे मध्ये दुपारी तेल पातळ होतं. डब्यातलं ३० नंबरचं असेल तर ४० चं, म्हणजे जास्त घट्ट, घाला.

खटपट्या (११.१०)
म्हणजे आरटीआर घेऊन दोन तास उघडझाप करायचीच आहे! मग किट का नको? मातीसाठीही किटं आहेत. तामियाची डीटी-०३ बग्गी साधी आणि दणकट आहे. शॉर्ट कोर्सच हवी तर टीम असोसिएटेडच्या एससी६ मालिकेचं किट आहे. पुतण्याला शेजारी बसवून जोडा. डिफमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) तेल का असतं ते व्हिडिओने कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं.

चिखलगाडी (११.२४)
शिकवायचं असेल तर किटच उत्तम, ते मी नाकारत नाही. पण स्पर्धेच्या किटमध्ये बहुतेकदा मोटर, कंट्रोलर, सर्व्हो आणि रिमोट नसतात, टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात. हे सगळं घेतलं की ३५ हजार संपून वर जातात. डीटी-०३ बग्गी तीन शॉर्ट कोर्सच्या मध्ये आली तर वळणावर दर वेळी तीच उलटणार. प्रश्न विचारणाऱ्याला रविवारी पैसे द्यायचे आहेत.

खटपट्या (११.३०)
मान्य, यांच्या गरजेला आरटीआर. पण कुणी म्हटलं की आरटीआर म्हणजे देखभाल नको, तर तिथे मी वाद घालणार.

चिखलगाडी (११.३२)
असं मी म्हटलेलंच नाही.

निळा_थेंब (शनिवार, सकाळी ७.४५)
बॉडी रंगवायची असेल तर पॉलिकार्बोनेटचा रंग आतल्या बाजूने मारा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे वाकल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. आधी भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. गडद रंग आधी, फिका नंतर. फ्लोरोसंट रंगामागे पांढरा हात दिला नाही तर तो मळकट दिसतो. तीन-चार पातळ हात, प्रत्येकी दहा मिनिटांनी.

गंगापूर_रोड (८.३०)
@निळा_थेंब, आरटीआरची बॉडी रंगवून येते, तरी धन्यवाद. बॅटरी २एस (दोन सेलची) लायपो, ५२०० एमएएच, हार्डकेस (कडक कवचाची), टी-प्लगची. मावसभावाने दिली. चार्जर जुना, निकेल बॅटरीचा. बॅटरी मधे किंचित फुगलीय, पण चालते.

सातपूर_लेथ (८.३८)
थांबा. ती बॅटरी लावू नका. हार्डकेस असूनही फुगवटा दिसतोय म्हणजे आत सेल बराच फुगला आहे. आणि निकेलच्या चार्जरवर लायपो कधीच लावायची नाही. तो चार्जर प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टला थांबवत नाही, पुढे ढकलत राहतो, आणि आग लागते. जुनी बॅटरी बाहेर मोकळ्यावर वाळूच्या बादलीत ठेवा, छोटा बल्ब जोडून पूर्ण रिकामी करा, मग ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकू नका.

नवी २एस हार्डकेस घ्या, बॅलन्स चार्जरसकट. ५००० एमएएच असेल तर ५ अँपिअरने चार्ज करा. आठवडाभर चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. एक्सएल-५ मध्ये लो व्होल्टेज डिटेक्शन (बॅटरी फार उतरू न देणारी सोय) चालू आहे का ते दिव्यावरून बघा: हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लायपोला हिरवाच हवा. गाडीचा प्लग वेगळा निघाला तर बॅटरीची एकेक तारच कापा. दोन्ही तारा कात्रीत एकदम आल्या की ठिणगी उडते आणि शॉर्ट होतं.

आता सुटे भाग. गाडी घेतानाच पुढच्या आर्मची (चाक चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांची) जोडी, कॅस्टर ब्लॉक (आर्मच्या टोकाला पुढचं चाक धरणारा भाग), एक स्पर, दोन पिनियन, शॉकच्या कॅप आणि सर्व्होचे गिअर घेऊन ठेवा. मोडतं ते हेच. नाशिकच्या दुकानात आर्म नसेल तर मुंबई-पुण्याहून यायला वेळ जातो आणि तोपर्यंत मुलगा नुसता बघत बसतो. ज्याचे सुटे भाग हाताशी मिळतात तीच गाडी घ्या. हे माझ्या मते आरटीआर-किटच्या वादापेक्षा मोठं आहे.

अंबड_सीएनसी (९.१५)
सुटे भाग मागवता कशाला? अंबड एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमचे आर्म सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) काढून घ्या, आयुष्यभर मोडणार नाहीत.

सातपूर_लेथ (९.२६)
आर्म मोडत नाही, खरं आहे. पण मग धक्का पुढे जातो आणि शॉक टॉवर किंवा चॅसिस मोडतं, ते महाग. प्लास्टिकचा आर्म वाकून परत येतो. अ‍ॅल्युमिनियम वाकलं की वाकलं, आणि चाकाचा कोन बिघडलेला डोळ्याला दिसतही नाही. लेथवर करायचंच असेल तर मागचे हब कॅरिअर (चाकाचं बेअरिंग धरणारे) आणि शॉकच्या कॅप करा. तिथे ताकदीचा फायदा आहे.

अंबड_सीएनसी (९.३३)
कॅरिअरचं पटलं. आर्मबद्दल मात्र ७०७५ मध्ये (जास्त ताकदीच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये) बघायला हवं.

पार्सल_अडकलं (१०.०५)
परदेशातून मागवायचा विचार असेल तर सांभाळून. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला दूरसंचार खात्याची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची) मंजुरी लागते. पार्सल तिथेच अडकतं.

तपोवन_मैदान (१०.४०)
मोकळं मैदान कुठे शिल्लक आहे पण? तपोवनात २०२७ च्या सिंहस्थाची तयारी, बाकीकडे क्रिकेट.

चिखलगाडी (१०.५२)
त्यांचा प्लॉट आहे, मैदानाचं सोडा. काळी माती असेल तर पावसात गाडी नेऊ नका. ती आर्मला चिकटून सुकते आणि सस्पेन्शन जाम करते. ओली झालीच तर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. ब्रशने माती काढा, हवा मारा, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब. उन्हाळ्यात तीन मिनिटांनी थांबवून मोटरला हात लावा. दोन-तीन सेकंदही बोट टिकत नसेल तर पिनियन एक दाता लहान करा.

गंगापूर_रोड (दुपारी १.२०)
ठरलं, स्लॅश घेतोय, नव्या बॅटरी-चार्जरसकट. सर्वांचे आभार. दुकानदार २३ दात्यांचा पिनियन फुकट देतो म्हणतोय, वेग वाढेल म्हणून. लावू का?

सातपूर_लेथ (१.३४)
आधी बसवलेला पिनियन किती दात्यांचा आहे ते मोजा. समजा १९ असेल, स्पर ८६. गिअरबॉक्सच्या आतलं प्रमाण २.७२. ८६ भागिले १९ गुणिले २.७२ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे १२.३ फेरे. २३ लावला की १०.२ येतं. वेग पाचव्या हिश्शाने जास्त, तेवढाच मोटरवर भारही जास्त. डांबरावर चालेल, मातीत नको. फुकट मिळतोय तर घेऊन ठेवा, बसवू नका.

नायट्रोवाले (१.४१)
ब्रशवाली मोटर आहे ना ही?

खटपट्या (१.४७)
ब्रशलेस आवृत्तीपण मिळते. भाऊ, डब्यावर काय लिहिलंय ते बघून सांगा, मग पिनियनचं बोलू.