गाय रिचीचा शेरलॉक होम्स (२००९) आवडला, पाप केलं का?

रात्रपाळी
परवा घरी हा पिक्चर लावला, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आणि ज्यूड लॉ वाला, आणि मी हसून हसून लोळले. बाबा मात्र अर्ध्यातनं उठून गेले. त्यांच्यासाठी होम्स म्हणजे जुन्या टीव्ही मालिकेतला जेरेमी ब्रेट, बाकी सगळी सोंगं. म्हणे "होम्सचा पार पैलवान करून टाकलाय, उघड्या अंगाने मारामाऱ्या काय करतो!" मी गोष्टी वाचल्यात त्या शाळेत असताना भालबा केळकरांच्या अनुवादातून, आता धड आठवत नाहीत. हा मारकुटा होम्स मूळ पुस्तकात आहे की सगळी हॉलिवूडची फोडणी? आणि दुसरा भाग बघू का?

गॅसबत्ती
बाबांना सांगा, पैलवान खुद्द मूळ लेखक डॉयलसाहेबांनीच केलाय. पहिल्याच कादंबरीत (१८८७) वॉटसन लिहून ठेवतो की गडी बॉक्सिंग, तलवार, काठी सगळ्यात तयार आहे. 'साइन ऑफ फोर'मध्ये तर दारावरचा मॅकमर्डो, जो स्वतः बॉक्सर, होम्सच्या टोळक्याला आत सोडत नसतो, मग होम्स म्हणतो अरे तुझ्याशी रिंगमध्ये तीन राउंड कोण खेळलं होतं, तर तो म्हणतो नुसता उभा काय राहिलास, जबड्याखाली तुझा तो ठोसा हाणला असतास तर लगेच ओळखलं असतं :)) पिक्चरने स्वतःचं घातलंय ते आधी डोक्यात स्लो मोशनमध्ये आखणी आणि मग फटाफट मार. मला तर ते भारीच वाटलं, डोकं तेच, फक्त हाताला काम.

अर्धा_कप
+१. बारीक गोष्टीही उचलल्यात. भिंतीवर गोळ्या झाडून राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं 'व्ही. आर.' काढणं मूळ कथेतलंच. मेलेल्या माणसाच्या घड्याळावर किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे हा दारुडा, हात थरथरतात, हे पण पुस्तकातलंच, फक्त तिथे घड्याळ वॉटसनच्या भावाचं असतं. आणि वॉटसनचा बुलडॉग! पुस्तकात "माझ्याकडे बुलडॉगचं पिल्लू आहे" एवढं एकदा बोलून तो कुत्रा गायबच होतो, इथे बिचाऱ्यावर होम्सचे प्रयोग चालतात.

खवचट_काका
मारामारीला माझी ना नाही हो. पण रहस्य कुठंय? पिक्चरचा खलनायक ब्लॅकवूड फासावर जाऊन परत येतो, लोक टपाटप मरतात, आणि कसं झालं ते शेवटी होम्स एका दमात सांगून टाकणार, आपल्याला डोकं चालवायला संधीच नाही. आयरीन ॲडलर या हुशार बाईचं तर वाटोळं केलंय, मूळ कथेत (१८९१) ती होम्सला सरळ सरळ चकवून निघून जाते, इथे होम्सचा हाडवैरी मोरियार्टी याच्या तालावर नाचते आणि वर होम्सने तिला वाचवायचं. अर्धवट बांधलेल्या टॉवर ब्रिजवरचा शेवट मात्र झकास, तेवढं कबूल.

रात्रपाळी
काका, आयरीनबद्दल शंभर टक्के. पण होम्स-वॉटसन लग्न झालेल्या जोडप्यासारखे भांडतात ते बघायला मी परत लावेन, रहस्य गेलं चुलीत.

गॅसबत्ती
मग दुसरा (२०११) बघाच, वॉटसनच्या हनिमूनच्या ट्रेनमध्ये होम्स बाईच्या वेषात घुसतो. आणि शेवटी जॅरेड हॅरिसचा मोरियार्टी आणि होम्स बुद्धिबळाला बसतात, तिथून आधी डोक्यातली आणि मग खरी झटापट. तेवढ्यापुरतं बाबांना हाक मारा, बसतील ते पण.