निवाऱ्याचा पत्ता लपवायचा तरी किती?

निशिगंध

साडेतीन वर्षं झाली, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी घरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या एका निवाऱ्यात मुलांचा अभ्यास घेते. पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली होती: इथला पत्ता कुणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही. तेव्हा जरा भारीच वाटलं होतं. आता तोच कागद खुपतो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की पत्ता गुप्त ठेवणं हा अपवाद असावा, नियम नव्हे.

निमित्त एका आठ वर्षांच्या मुलाचं. नव्या शाळेत 'माझे घर' या विषयावर दहा ओळी लिहून न्यायच्या होत्या. वही बघितली तर पान कोरं. मला म्हणाला, "ताई, आपल्या घराला खिडकी आहे असं लिहिलं तर चालेल? का त्यावरून कळेल?" शेवटी त्याने जुन्या घराबद्दल लिहिलं, जिथून आई त्याला रात्री उचलून निघाली होती ते घर. बाईंचा शेरा होता 'छान'.

मित्राला घरी बोलवायचं नाही. कुणाकडे वाढदिवसाला जायचं नाही, कारण परत सोडायला येणारे पालक पत्ता विचारतात. आईची नोकरी गेलेली असते. सख्ख्या बहिणीलाही ती कुठे राहते हे सांगता येत नाही. मारणारा मात्र त्याच घरात, त्याच नोकरीत, त्याच मित्रांत. तिला माणसांतून तोडायचं जे काम त्याने इतकी वर्षं केलं, तेच आपण चांगल्या मनाने पूर्ण करतोय का?

शिवाय गुप्त म्हणजे किती गुप्त? आमच्या निवाऱ्याचा पत्ता टपालवाल्याला ठाऊक आहे, दूधवाल्याला ठाऊक आहे, मीटर बघायला येणाऱ्याला ठाऊक आहे. फक्त जिला रात्री अकरा वाजता घर सोडावं लागतं तिला ठाऊक नाही.

आणि हे असंच असायला हवं असंही नाही. 1971 मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी असं घर सुरू केलं, तेव्हा दारात आलेल्या कुणालाही जागा नाही म्हणून परत पाठवायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. (पुढे त्यांच्या मतांवरून बरेच वाद झाले, तो विषय वेगळा.) नेदरलँड्समध्ये आल्कमारला 2011 मध्ये जे 'नारिंगी घर' उघडलं, त्याचं तत्त्वच मुळी सुरक्षित असायचं पण लपायचं नाही, असं आहे. ज्यांच्या जिवाला मोठा धोका असतो त्यांच्यासाठी गुप्त जागा तिथेही आहेतच. पण सरसकट सगळ्यांसाठी नाहीत.

आडवाट

निशिगंधताई, तुमची कळकळ पोचली. तरी पूर्ण असहमत.

मी अकरा वर्षं निवाऱ्याची अधीक्षक होते. एकदा पत्ता फुटला. सकाळी सातला फाटक उघडलं तर समोरच्या झाडाखाली आतल्या एकीचा नवरा बसलेला. शिवी नाही, धमकी नाही, फाटकाला हातही लावला नाही. पोलिसांना बोलावलं, ते म्हणाले, "बाई, झाडाखाली बसणं गुन्हा नाही." दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आला. आत बायका-मुलं धरून एकवीस जीव, एकही खिडकी उघडत नव्हती. चौथ्या दिवशी तिने स्वतःच पिशवी भरली. म्हणाली, "माझ्यामुळे बाकीच्यांना त्रास नको." त्याच्या मागून चालत गेली. पुढे तिचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

पत्ता एकीचा नसतो, आतल्या सगळ्यांचा असतो. एकीला धोका कमी म्हणून उघडा ठेवाल, तर शेजारच्या खाटेवरचीचं काय?

आणि 'धोका कमी' हे ठरवणार कोण? जॅकलिन कॅम्बेल या परिचारिकेने 1980 च्या दशकात जिवाचा धोका ओळखायची प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरतात. तिच्यातला एक प्रश्न, त्याने कधी गळा आवळला होता का? एकदा जरी आवळला असेल तरी पुढे जीव घेतला जाण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. माझा अनुभव असा की पहिल्या मुलाखतीत बायका यावर 'नाही' म्हणतात. आठ-दहा दिवसांनी भाजी निवडता निवडता सहज बोलून जातात, "तसं एकदा दाबला होता, पण लगेच सोडला." घर सोडल्यानंतरचे दिवस सगळ्यांत घातक असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला तिच्याबद्दल सगळ्यांत कमी माहिती असते.

कुंपणावरचा

दोन्ही पटतंय, म्हणजे नेहमीप्रमाणे माझी पंचाईत. एक शंका: सुरुवातीला गुप्त आणि नंतर उघडं, अशी दोन घरं नाही का करता येणार?

गणित_मास्तर

दोघीही चुकीच्या घराबद्दल भांडताय. प्रश्न निवाऱ्याच्या घराचा नाहीच. तिने घर सोडायचंच का?

ऑस्ट्रियात 1 मे 1997 पासून पोलीस मारणाऱ्यालाच जागच्या जागी घराबाहेर काढतात आणि काही दिवस परत फिरकायला बंदी करतात. न्यायालयाची वाट बघावी लागत नाही. जर्मनीत 2002 च्या कायद्यामागचं सूत्रच आहे, 'जो मारेल तो जाईल'. आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही कलम 19 खाली दंडाधिकारी पुरुषाला सामायिक घरातून बाहेर जायला सांगू शकतात. कायदा लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये, आणि डिसेंबरातच सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या नावावरचं घर हे 'सामायिक घर' नाही असा निकाल देऊन त्यातली हवा काढून घेतली. तो निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने म्हणायला ऑक्टोबर 2020 उजाडलं. चौदा वर्षं! या काळात किती जणींना 'घर तुझ्या नवऱ्याचं नाहीच' म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला गेला असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

मुलगा त्याच शाळेत, आई त्याच नोकरीत, बाहेर जायचं ते त्याने. मग तो 'माझे घर' निबंधही सरळ लिहील.

आडवाट

मास्तर, फळ्यावर गणित सुटलं. आदेश कागदावर असतो आणि कडी दाराला असते, हो. त्याच कलम 19 मध्ये लिहिलंय की घरातल्या बाईला बाहेर काढायचा आदेश देता येत नाही. म्हणजे तो गेला तरी सासू-नणंद घरातच. पाणी तापवायला गेली की गिझर बंद, दळण तिच्यापुरतं वेगळं. तो समोरच्या भावाकडे राहून रोज संध्याकाळी अंगणात उभा.

अमेरिकेत डुलुथ गावात 1981 मध्ये जे काम सुरू झालं ते लोक मारणाऱ्या पुरुषांना सुधारण्यासाठीच्या वर्गांमुळे लक्षात ठेवतात. खरी गोम वेगळीच होती: पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश आणि निवारा यांनी एकच कार्यपद्धत पाळायची, एकाने घेतलेली नोंद दुसऱ्याने वाचायची. ते जिथे आहे तिथे तुमचा आदेश चालतो. जिथे नाही, तिथे मला आधी भिंत हवी आणि पत्ता नसलेलं फाटक हवं.

जुनी_खुंटी

चर्चा एकांगी चालली आहे. अशा संस्था घरं मोडतात हे कुणी बोलायला तयार नाही. पूर्वी चार वडीलधारी दोघांना समोरासमोर बसवायची, मिटायचं. आधी तसं बसवा, मग पत्ते लपवा.

निशिगंध

खुंटीकाका, अशी एक बैठक मी बाहेरच्या बाकावरून पाहिली आहे. काचेचं दार होतं. तो अतिशय नम्र बोलत होता. फक्त खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्याने टेबलावर ठेवला. त्यानंतर तिने प्रत्येक उत्तर त्या जुडग्याकडे बघून दिलं. वडीलधाऱ्यांच्या वहीत लिहिलं गेलं, 'दोघांनाही मान्य'.

युरोपातल्या देशांनी 2011 मध्ये इस्तंबूलला जो करार केला, त्याच्या कलम 48 मध्ये अशा प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी चालणार नाही असं लिहिलंय, ते उगाच नाही. समोरासमोर बसायला दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या लागतात. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

रात्रपाळी

अवांतर वाटेल, पण लिहिते. आधार म्हटलं की सगळ्यांना निवाराच आठवतो. मी रुग्णालयात परिचारिका आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या पुष्कळ जणींना झोपायला जागा नको असते, सोबत हवी असते. तपासणीच्या वेळी डोक्याशी उभी राहणारी एक बाई, जी मध्येच विचारेल, "थांबायचं का थोडं?" अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात, मग ती घरी जाताना काय घालणार, याचा विचार आधीच करून एक जोडी धुऊन ठेवणारं कुणीतरी. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून गोळी पाच दिवसांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. 2013 पासून आपल्याकडे कायदाच आहे की सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार लगेच आणि फुकट करायचे. 'आधी तक्रार करून या' म्हणायची सोय नाही. तरी म्हणतात.

तुमच्या वादाशी याचा संबंध असा. 'अत्याचारग्रस्त महिलांसाठी' अशी मोठी पाटी लावलेल्या खोलीसमोरून बाई तीनदा जाते आणि आत जात नाही, कारण बाकावर बसलेले सगळे बघत असतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते पालिकेच्या रुग्णालयाच्या आत, एखाद्या विभागासारखं. बाई दवाखान्यात गेली तर 'का गेलीस' असं कुणी विचारत नाही. पत्ता सगळ्या शहराला माहीत, आणि तरी ती कुणाला दिसली नाही. मला वाटतं, लपवायचं ते दार नव्हे, तिचं कारण.

कुंपणावरचा

रात्रपाळी, +१. शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

दोन_पिशव्या

इथे वर्षभर नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी राहिलेय अशा घरात. पहिले सहा आठवडे पत्ता गुप्त होता म्हणून मला झोप लागली. नंतरचे पाच महिने पत्ता गुप्त होता म्हणून मी अडकले. नोकरीच्या अर्जात 'सध्याचा पत्ता' हा रकाना यायचा आणि माझं पेन थांबायचं. एका ठिकाणी मैत्रिणीचा पत्ता लिहिला, तर त्यांनी पडताळणीला माणूस पाठवला. नोकरी गेली, मैत्रीण पण जवळपास गेलीच.

आणि तो आलाच की. पत्ता कुणीही फोडला नव्हता. माझा फोन आत येतानाच बंद करून सिम काढून घेतलं होतं. मुलीच्या टॅबकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यावरचं खातं त्याच्या फोनशी जोडलेलं होतं. तिने गच्चीवर मांजराचा फोटो काढला, तो जागेसकट त्याच्याकडे पोचला.

आडवाटताई, तुमच्या झाडाखालच्या माणसाची गोष्ट वाचून हात गार पडले. पण माझी दुसरी बाजू ऐका. त्याने मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. हातातली पिशवी ओढली, दंड धरला. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं होती. कुणी आलं नाही. नंतर समोरच्या आजी म्हणाल्या, "अगं, आम्हाला वाटलं नवराबायकोचं काहीतरी. तुमच्या त्या घरात काय चालतं आम्हाला कुठे माहिती?" खरंच माहीत नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं खपून त्यांना माहीत होऊ दिलं नव्हतं.

आडवाट

माहीत असतं तर आले असते?

दोन_पिशव्या

सगळे नसते आले. आजी आल्या असत्या, काठी घेऊन. त्यांचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत.

आडवाट

तो टॅबचा मुद्दा मात्र मान्य. आम्ही फाटकाला दोन कुलपं लावायचो आणि आत मुलांच्या हातात काय आहे ते बघत नव्हतो. पण एका आजीच्या भरवशावर मी एकवीस जणांचं फाटक उघडणार नाही. गल्लीतल्या दहा घरांना आधी आत बोलवा, वर्षभर ओळख वाढवा, मग बोलू.

गणित_मास्तर

दहा घरांना बोलावलंत की पत्ता उघडाच झाला ना ताई?

आडवाट

दहा घरांपुरता. बाकी जगाला नाही. मास्तर, मधलं काही तुम्हाला दिसतच नाही का?

निशिगंध

मी माझं पहिलं वाक्य जरा बदलते. सहा आठवड्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, कारण मी मुलांना भेटते तोवर ते दिवस उलटून गेलेले असतात. आत येतानाची गुप्तता सगळ्यांना द्या. पण ती कधी संपवायची, हे दर महिन्याला तिला विचारा. आमच्याकडे हा प्रश्न एकदाही विचारला जात नाही. ती निवारा सोडते तेव्हाच गुप्तता संपते. उद्याच्या बैठकीत तेवढं तरी मांडते. ऐकतील असं वाटत नाही, मागच्या वेळी खिडकीला पडद्याऐवजी काच बसवा म्हटलं तर तीन महिने गेले.

दोन_पिशव्या, आता कशा आहात? उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

दोन_पिशव्या

बरी आहे. मार्चपासून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत. मुलीने दारासाठी पाटी रंगवलीय, वर माझं नाव, खाली तिचं, कोपऱ्यात ते मांजर. रोज विचारते कधी लावायची. खिळे आणून ठेवलेत. पाटी सध्या कपाटावर आहे.