मदत हवी आहे: चढत्या समुद्रासाठी वस्तीचा आराखडा – साल ठरवायचं की खूण?

नमस्कार. आमची वस्ती खाडीच्या मुखाशी आहे, दीडेकशे घरं. समुद्राची पातळी वाढतेय हे धरून पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा आपणच करायचा असं सगळ्यांनी ठरवलं आणि मसुदा लिहायचं काम माझ्यासकट पाच जणांकडे आलं. तीन बैठका झाल्या, तिन्ही एकाच जागी अडकल्या. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

आधी काय दिसतंय ते सांगते. धक्क्याच्या पायऱ्यांवर मोठ्या उधाणाचं पाणी वरून तिसऱ्या पायरीपाशी थांबायचं, असं चाळीस वर्षांपूर्वीचं आठवणारी माणसं सांगतात. आता दुसरी पायरी भिजते. शेवाळाची हिरवी रेघही तिथवर चढली आहे. एक पायरी म्हणजे वीतभर. पाऊस नसताना, लख्ख उन्हात, गटाराच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं, तासाभराने तसंच मुकाट उतरतं. खालच्या आळीतल्या दोन विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

बैठकीत पहिली मागणी भिंतीची. भिंत नकोच असं माझं म्हणणं नाही. पण भिंत समुद्र अडवते तसं आतलं पावसाचं पाणीही अडवते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पंपांशिवाय ते जाणार कुठे? जमिनीखालून येणारं खारं पाणी तर भिंतीला जुमानतच नाही. शिवाय भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याचा किनारा जास्त खचतो. खारफुटीचं म्हणाल तर ती गाळ धरून जमीन उंचावत राहते, पण समुद्र वर्षाला ६-७ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागला तर तिलाही ते झेपणं कठीण, आणि मागे सरकायला जागा नसेल तर ती संपतेच. हे सगळं मांडलं, लोकांनी ऐकूनही घेतलं.

खरी गाडी अडली ती पुढे. मी एक तक्ता नेला होता: अमुक सालापर्यंत रस्ता उंच करायचा, अमुक साली खालची आळी वर न्यायची. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घराची मरणतारीख लिहून आणलीस होय गं?" बैठक तिथेच संपली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. वेल्समधल्या फेअरबोर्न गावाचं हेच झालं. २०१३ च्या किनारा आराखड्यानंतर २०५४ पर्यंत गाव रिकामं करायची भाषा सुरू झाली. समुद्र यायचा तेव्हा येईल, पण घरांच्या किमती लगेच पडल्या आणि गहाणकर्ज मिळणं अवघड झालं.

उलट लंडनच्या टेम्स खाडीसाठी केलेला आराखडा (२०१२) सालाला बांधलेला नाही. पाणी कुठवर चढलं यावर नजर ठेवायची आणि ठरलेली पातळी जवळ आली की पुढचं पाऊल उचलायचं, अशी त्याची रीत. मला हेच पटतं. पण छोट्या वस्तीने खूण निवडायची कशी? आणि घरं हलवण्याचा विषय कुणाला हाकलल्यासारखं न वाटता काढायचा कसा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, खुणेकडे जाण्याआधी तुमच्या पायरीबद्दल. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांत वीतभर. तुमच्याकडे तेवढंच चाळीस वर्षांत झालं असेल तर सगळा दोष समुद्राचा नाही. जमीन खचतेय का ते आधी बघा. जाकार्ता भूजलाच्या उपशाने खचलं आणि तिथे खचण्याचा वेग समुद्राच्या चढण्याहून कितीतरी जास्त आहे. टोकियोतही जमीन अशीच खचत होती. उपशावर निर्बंध आल्यावर ती बरीचशी थांबली. समुद्र तुमच्या हातात नाही, विहिरींवरचे पंप आहेत. विहिरींनाही त्याचा फायदा: किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि समुद्रपातळीच्या वर असलेल्या एक मीटर गोड्या पाण्यामागे खाली साधारण चाळीस मीटरचा साठा टिकतो. वरचं थोडं उपसलं तरी खालून खारं बरंच वर सरकतं.

खाडीचं मुख खोल केलं असेल तरी भरती आत जास्त चढते, तेही विचारून घ्या. आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदींवर निष्कर्ष काढू नका. चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र असतं, त्यात काही वर्षं भरत्या मुळातच मोठ्या असतात.

प्रतिसाद २

खूण निवडताना एक चूक सर्रास होते. "पाणी उंबऱ्याला लागलं की हलू" असं ठरवतात. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. काम पुरं व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी आधीची खूण हवी. पनामातल्या गार्दी सुगदुब बेटावरच्या गुना लोकांनी २०१० च्या सुमारास मुख्य भूमीवर जायचं ठरवलं. सुमारे तीनशे कुटुंबांना नवी घरं मिळाली २०२४ मध्ये. चौदा वर्षं! २००६ ते २०१८ मधला जागतिक वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. त्या हिशेबाने चौदा वर्षांत पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं. खूण उंबऱ्याच्या निदान तेवढी खाली हवी. वेग वाढतोच आहे, शिवाय तुमची जमीन खचत असेल तर ती आणखी खाली घ्या.

हलण्याबद्दल: तो विषय तुम्ही पाच जण काढू नका, खालच्या आळीला काढू द्या. फिजीतलं वुनिदोगोलोआ २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत गेलं, तेही सगळं गाव मिळून आणि आपल्याच जमिनीवर. गार्दी सुगदुबमध्ये काही जण बेटावरच राहिले, त्यांना ओढून नेलं नाही. आराखड्यात "राहणाऱ्यांची सोय" असं एक पान जरूर ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जमीन खचत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन विहिरींवरचे पंप किती तास चालतात याची वही उद्यापासून सुरू करते.

तीन बोटांचा हिशेब घेऊन आज त्या आजींकडे गेले होते. तक्ता नेला नाही. त्या माझ्याबरोबर धक्क्यावर आल्या, दुसऱ्या पायरीच्या कडेखाली बोटं टेकवली आणि विचारलं, "इथे पाणी आलं की काय करायचं?" मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा. बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाल्या, "आधी वरची जागा दाखव. मग बोलू."

म्हणून आता एकच प्रश्न उरला आहे. वरची माळाची जमीन चार-पाच घरांच्या सामाईक मालकीची आहे. ती आजच राखून ठेवायची, पण विकत घ्यायला पैसे नाहीत. भाडेकरार किंवा सामाईक ट्रस्ट असं काही कुणी केलं आहे का? येत्या अमावास्येच्या उधाणाला आम्ही पायऱ्यांवर रंगाने पट्ट्या मारणार आहोत, त्याआधी सुचवलंत तर बरं होईल.