मुलाच्या घामाच्या वासाबद्दल मदत हवी आहे (वय १४)

नमस्कार मंडळी, विषय जरा ऑकवर्ड आहे पण ओळखीत कोणाला विचारायची सोय नाही म्हणून इथे टाकतेय. लेक नववीत आहे, हल्ली त्याच्या काखेतल्या घामाला फारच उग्र वास येतो. दोन्ही वेळ अंघोळ, रोज धुतलेला युनिफॉर्म, तरी शाळेतून आला की दप्तर ठेवायच्या आधी कळतं. तो काही बोलत नाही पण भर उन्हात जॅकेट काढत नाही, बेंचवर शेजारी कोणी बसत नाही हे मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, क्लासमधल्या पोरांनी नाव पण पाडलंय म्हणे. त्यात सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या "नीट घासून अंघोळ करत जा रे", झालं, तेव्हापासून कोणी आलं की खोलीतून बाहेरच येत नाही. डिओ आणला तर वासात वास मिसळून अजूनच कसंतरी. तुरटीने दुपारपर्यंत निभतं. कांदा-लसूण बंद करू का? स्किनवाल्या डॉक्टरकडे नेऊ का? आणि त्याच्याशी बोलायचं कसं, मी की बाबांनी?

प्रतिसाद :
ताई, अंघोळीचा दोष नाही हो. काखेतल्या, जांघेतल्या अपोक्राइन ग्रंथी (घामाच्याच एक प्रकारच्या ग्रंथी) वयात येतानाच सुरू होतात, म्हणून लहानपणी घाम आला तरी असा वास नसतो. ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, त्वचेवरचे बॅक्टेरिया त्यावर काम करतात तेव्हा येतो. डिओ मुख्यतः वास झाकतो, अँटीपर्स्पिरंट घाम कमी करतं, डब्यावर ॲल्युमिनियमचा क्षार लिहिलेला बघून घ्या आणि रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत लावायला सांगा. पॉलिएस्टरचा शर्ट वास धरून ठेवतो, आत सुती बनियन हवं. स्किनवाल्यांना दाखवाच, बेंझॉइल पेरॉक्साइडचा (बॅक्टेरिया मारणारा) वॉश देतात कधीकधी, त्याने टॉवेलचा रंग उडतो एवढं लक्षात ठेवा.

प्रतिसाद :
कांदा-लसणाने थोडाफार फरक पडतो पण पोराचं जेवण कशाला बेचव करता. मात्र तोंडाला गोडसर, फळासारखा वास, खूप तहान, वजन उतरणं असं काही असेल तर त्याच दिवशी शुगर तपासा. बोलायचं बाबांनी, गाडीवरून जाताना, समोरासमोर बसवून नको. आणि त्या नाव पाडणाऱ्यांचं क्लासच्या सरांच्या कानावर घाला, मुलाचं नाव पुढे न करता.

धागाकर्ती :
खूप आभार दोघांचे, यांना आजच वाचायला देते. जॅकेट मात्र आपणहून सुटेल की काही बोलावं लागेल?