मेहुण्याची ओहायोतली बिअर आणि माझे १५ लाख

गणपती पेठवाला (सांगली):

नमस्कार मंडळी. सांगलीत माझी बिस्किटं-वेफर्सची एजन्सी आहे, बावीस वर्षं झाली. तीन टेम्पो, पाच सेल्समन, बाकी सगळी उधारी.

बायकोचा भाऊ ओहायोत कोलंबसला असतो. दोन मित्रांबरोबर त्यानं छोटी ब्रुअरी काढली आहे. तिथंच बिअर गाळतात आणि तिथंच ग्लासात देतात. आता त्याला कॅन भरायचं मशीन घ्यायचंय, माल दुकानांत घालायचाय, त्यासाठी माझ्याकडं १५ लाख मागतोय. म्हणतो, 'दाजी, तुम्हाला डिस्ट्रिब्यूशन कळतं, तुम्हीच सांगा.' बायको म्हणते घाला. आई म्हणते दारूत आपला पैसा नको. मला दोघींच्या मधे पडायचं नाही, धंदा तेवढा समजून घ्यायचाय. अमेरिकेत बिअरचा खप कमी होतोय असं वाचतो आणि हा वाढवायच्या गप्पा मारतोय. तिकडं माझ्यासारखा एजन्सीवाला असतो का? त्याला काय सुटतं? एक्सपायरी कोण सोसतं?

बिअर शॉपी (कराड):

खप कमी म्हणजे काय ते आम्हाला विचारा, श्रावण आला की फ्रीजकडं कुणी बघत नाही. 😀 चेष्टा जाऊ द्या. आपल्याकडं गिऱ्हाईक 'थंड आणि स्ट्राँग द्या' म्हणतं, ब्रँड नंतर. जाहिरातीला बंदी असल्यानं कंपन्या सोड्याच्या नावानं फलक लावतात. अमेरिकेत तर क्रिकेटसारखं मॅचच्या मधे उघड जाहिरात चालते. तरी खप का घसरावा, हे मलाही कळून घ्यायचंय. आणि आमच्या धंद्यावर 'आडवी बाटली'ची टांगती तलवार असते, ती तरी तिकडं नसेल.

मिलवॉकी रिटर्न (वाई):

कराडकर, आहे ती तलवार. तिकडंही काही गावं-तालुके मतदान करून 'ड्राय' झालेत, आजही आहेत.

पेठवाले, मी नऊ वर्षं मिलवॉकीत एका बिअर डिस्ट्रिब्यूटरकडं होतो. गाड्यांचे रूट आणि गोदामाचा हिशोब माझ्याकडं असायचा. म्हणजे मी तिकडचा 'तुम्ही'च. आता वाईला घरी आहे, वेळ आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ ला उठली, तेव्हा बहुतेक राज्यांनी ठरवलं की बनवणारा, पोचवणारा आणि विकणारा हे तिघं वेगळे हवेत. कारण दारूबंदी यायच्या आधी बिअर कंपन्याच गुत्ते चालवायच्या आणि लोकांना पाजत सुटायच्या. त्यामुळं तिकडचा एजन्सीवाला कायद्यानंच मधे बसवलेला आहे. काही राज्यांत लहान ब्रुअरीला स्वतः माल पोचवायची मुभा आहे, पण गाडी, ड्रायव्हर, विमा आले की ती मुभा महाग पडते. जॉर्जियात तर १ सप्टेंबर २०१७ पर्यंत ब्रुअरीला आपल्याच दारात गिऱ्हाइकाला सरळ बिअर विकता येत नव्हती!

तुम्हाला हेवा वाटेल अशी एक गोष्ट: कित्येक राज्यांत दुकानदाराला बिअर उधारीवर द्यायला बंदी आहे. माल उतरला की पैसे. मी नवीन असताना 'महिन्याचं खातं कुठं लिहायचं?' विचारलं, तर मॅनेजर माझ्याकडं बघतच राहिला.

आता दुसरी बाजू. बहुतेक राज्यांत ब्रुअरीनं एकदा डिस्ट्रिब्यूटर धरला की सोडणं महाकठीण. तुम्हाला कंपनी उद्या एजन्सी काढून दुसऱ्याला देऊ शकते ना? तिकडं कायदा एजन्सीवाल्याच्या बाजूनं. करार मोडायचा तर ठोस कारण दाखवा, नाहीतर भरपाई मोजा. आमच्या यादीत शेकडो माल होते. पैसा द्यायचे त्यातले पाच-सहा, आणि सेल्समन तेच पुढं करायचा. बाकीचे छोटे लोक गोदामात धूळ खात पडायचे आणि दुसरीकडं जाऊही शकायचे नाहीत.

दुकानातल्या जागेचं ऐका. बिअरसाठी शेल्फचे पैसे देणं तिकडं बेकायदा. पण मोठ्या सुपरमार्केटमधे कुठला कॅन कुठं बसेल याचा नकाशा कोण काढून देतं? बऱ्याचदा मोठ्या कंपनीचाच माणूस. मी एका मंगळवारी सकाळी सहाला अशा मांडणीला गेलो होतो. हातात छापील कागद, त्यात प्रत्येक कॅनचा चौकोन. दाराजवळ डोळ्यांच्या उंचीला मोठे ब्रँड आणि मेहुण्यांसारख्यांचा माल खाली, गुडघ्याला, तोही फ्रीजच्या बाहेर.

फ्रीजच्या बाहेर याला फार अर्थ आहे. हॉप्सवाली (वासाची, कडवट फुलं घातलेली) बिअर थंड राहिली नाही तर काही आठवड्यांत तिचा वास मरतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. जुलैमधे माझ्याच हातून एक अख्खं पॅलेट चुकीच्या कोडखाली नोंदलं गेलं आणि एकोणीस दिवस गरम बाजूला राहिलं. दुकानांत गेलं, गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली. शिव्या कुणी खाल्ल्या? डब्यावर ज्याचं नाव होतं त्यानं. माझं नाव डब्यावर नव्हतं.

हिशोब बघा. तिकडच्या मोठ्या केगमधे, म्हणजे बिअरच्या पिंपात, साडेपंधरा गॅलन, म्हणजे ५८ लिटरच्या वर बिअर बसते. त्यात १२४ पाइंट, म्हणजे तिकडचे मोठे ग्लास (आपली पाइंटची बाटली नव्हे). फेसात-सांडण्यात थोडे गेले धरा, ११० उरले. मेहुण्यानं स्वतःच्या काउंटरवर पाइंट ७ डॉलरला दिला तर ७७० डॉलर. तोच केग डिस्ट्रिब्यूटरला दिला तर समजा दीडशे. कॅनमधे आणखी कमी, कारण डबा विकत घ्यायचा आणि आयात अ‍ॅल्युमिनिअमवर २०१८ पासून कर आहे, २०२५ मधे तो आधी २५ आणि मग ५० टक्के झाला.

खपाचं म्हणाल तर गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत दारू पितो म्हणणारे अमेरिकन ५४ टक्केच निघाले, १९३९ पासूनचा सगळ्यात खालचा आकडा. दुसरीकडं सत्तरच्या दशकाच्या अखेरीला देशात १०० सुद्धा ब्रुअऱ्या नव्हत्या, आज ९,००० च्या वर आहेत. २०२४ मधे उघडल्या त्यापेक्षा बंद जास्त पडल्या. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर, १८९६ ची, २०२३ मधे बंद पडली. तिथं मेहुणे दुकानांतल्या गर्दीत कॅन घेऊन चाललेत.

गणपती पेठवाला:

साहेब, डोकं सुन्न झालं. पण एक विचारू? माल चांगला असेल तर गिऱ्हाईक मागून घेत नाही का? आमच्याकडं एक कमी जाहिरातीचं ग्लुकोज बिस्किट आहे, चहावाले दुसरं घेतच नाहीत.

मिलवॉकी रिटर्न:

चव बिघडली तर गिऱ्हाईक जातं, पण सुधारली म्हणून परत येतंच असं नाही. मिलवॉकीत श्लिट्झचं उदाहरण जुने ड्रायव्हर रोज देत. एकेकाळी देशात पहिल्या नंबरची बिअर. सत्तरच्या दशकात पैसे वाचवायला आंबवायचा वेळ कमी केला, कच्चा माल स्वस्त घातला, गढूळपणा टाळायला घातलेलं रसायन बदललं. बाटलीत पांढरे कण तरंगायला लागले. १९७६ मधे माल परत मागवला. १९८२ मधे कंपनी विकली गेली.

आणि चवीचा संबंधही नसताना काय होतं ते बड लाइटनं दाखवलं. वर्षानुवर्षं पहिला नंबर. एप्रिल २०२३ मधे सोशल मीडियावरच्या एका ट्रान्सजेंडर व्यक्तीबरोबर छोटी जाहिरात केली, त्यावरून बहिष्कार सुरू झाला. कंपनीनं मग ना धड पाठ राखली, ना माफी मागितली, दोन्हीकडचे नाराज. काही आठवड्यांत मेक्सिकोची मोडेलो विक्रीत पुढं गेली. गंमत म्हणजे मोडेलो जगभर बड लाइटच्याच मालकांची, पण २०१३ मधे सरकारनं अट घातल्यामुळं अमेरिकेतले तिचे हक्क दुसऱ्या कंपनीला द्यावे लागले. घरचीच लेक, दत्तक दिलेली! यात फटका बसला तो गाडी चालवणाऱ्यांना. त्यांनी कुठली जाहिरात केली होती?

मणेराजुरीकर:

मधे बोलतो, माफ करा. मी द्राक्षवाला. पलूसला वाईन पार्क झालं तेव्हा एका कंपनीच्या शब्दावर मी दीड एकर वाईनची द्राक्षं लावली. नाव घेत नाही. दोन वर्षं उचलली, तिसऱ्या वर्षी 'आमच्या टाक्या भरल्यात' म्हणाले. ती द्राक्षं खायला नाही चालत, बेदाण्याला नाही चालत. कुऱ्हाड लावली शेवटी. बनवणाऱ्याला वाटतं खप वाढतच राहणार. वाई-साहेब, तिकडं असं होतं का?

मिलवॉकी रिटर्न:

होतं की. फळांच्या चवीचा अल्कोहोलवाला सोडा निघाला होता, हार्ड सेल्टझर. बॉस्टन बिअरसारख्या मुरलेल्या कंपनीनं २०२१ मधे मागणीचा अंदाज चुकवला आणि लाखो केस माल फेकायची वेळ आली.

पेठवाले, मेहुण्यांना तीनच गोष्टी विचारा. शनिवारी काउंटरवर किती केग रिकामे होतात? टाक्या महिन्यातले किती दिवस मोकळ्या असतात? आणि डिस्ट्रिब्यूटरबरोबर सही झालीय का अजून व्हायचीय? टाक्या मोकळ्या राहत असतील तर कॅनपेक्षा बसायची जागा वाढवा म्हणावं.

गणपती पेठवाला:

रात्री साडेदहाला फोन लावला, तिकडं दुपार होती. शनिवारी सात केग. टाक्या जवळपास निम्मा महिना मोकळ्या. सहीचं विचारलं तर म्हणाला, 'दाजी, ते मित्र बघतो, विचारून सांगतो.' आज चौथा दिवस.

मीही काल मिरजेच्या रूटवर टेम्पोत बसून गेलो. आमच्या यादीतला एका छोट्या चकलीवाल्याचा माल दुकानांत कुठं ठेवलाय ते बघितलं. अकरा दुकानांपैकी नऊ ठिकाणी खाली, झाडूशेजारी. सेल्समनला विचारलं तर म्हणाला, 'शेठ, त्यात सुटतं काय?'

बिअर शॉपी (कराड):

सात केग म्हणजे वाईट नाही ओ. खुर्च्यांना पैसे मागितले तर द्या. आणि आईंना सांगा, फर्निचरमधे घातलेत.